गाडीतल्या सुरांचे गणित

नवी गाडी दाराशी येते, तिची पूजा होते, पेढे वाटून होतात आणि घरातील तरुण मंडळींत चर्चा सुरू होते ती गाडीतल्या 'म्युझिक सिस्टीम'ची. कंपनीने बसवून दिलेल्या स्पीकरचा आवाज कुणाला पातळ वाटतो, तर कुणाला त्यात 'बेस' कमी वाटतो. मग ॲक्सेसरीजच्या दुकानाची पायरी चढली जाते. तेथील कपाटात मांडलेल्या खोक्यांवर ठळक आकडे छापलेले असतात : ५०० वॅट, १००० वॅट, २००० वॅट. आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला, या हिशेबाने खरेदी उरकते. काही दिवसांतच डिक्कीतला सबवूफर नुसताच घुमू लागतो, गायकाचे शब्द त्यात बुडून जातात, एखादा 'ट्वीटर' मुका होतो आणि रात्री प्रत्येक ठेक्याबरोबर दिवे मंदावू लागतात. खर्च तर झालेला असतो. संगीत मात्र दूरच राहते.

या फसगतीचे कारण बहुधा एखाद्या वस्तूच्या दर्जात नसते, ते त्या वस्तूंच्या परस्परमेळात असते. स्टिरिओ, अँप्लिफायर, स्पीकर, सबवूफर आणि गाडीची बॅटरी ही मैफलीतील मंडळी आहेत. तबलजीने गायकावर कुरघोडी केली की मैफल बिघडते. गाडीतही तेच घडते. हा मेळ जमवण्यासाठी लागणारे गणित शालेय विज्ञानाच्या पलीकडचे नाही. ते ठाऊक असेल, तर कमी खर्चात अधिक चांगले ऐकता येते आणि वस्तूही टिकतात.

खोक्यावरील आकड्याचा अर्थ

ध्वनिसामग्रीची शक्ती दोन प्रकारे सांगितली जाते. क्षणभरासाठी कशीबशी गाठता येणारी कमाल शक्ती हा एक प्रकार आणि तासन् तास विनातक्रार देता येणारी सलग, म्हणजेच 'आरएमएस' शक्ती हा दुसरा. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात 'पीएमपीओ' या नावाखाली हजारो वॅटचे आकडे छापले जात. आज ते नाव फारसे दिसत नसले तरी 'मॅक्स' आणि 'पीक' या शब्दांच्या आडून तोच प्रकार सुरू आहे. मेळ जमवताना विचारात घ्यावयाचा आकडा एकच, तो म्हणजे आरएमएस.

गाडीतील स्टिरिओवर हमखास आढळणाऱ्या '५० वॅट गुणिले ४' या मजकुराचे उदाहरण घेता येईल. इंजिन सुरू असताना गाडीतील विद्युत्‌दाब फार तर १४.४ व्होल्ट असतो. स्टिरिओतील अँप्लिफायर त्यापेक्षा उंच लहर निर्माण करू शकत नाही. स्वच्छ लहरीच्या बाबतीत या १४.४ व्होल्टचे परिणामी मूल्य सुमारे १०.२ व्होल्ट भरते. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने भागले, की उत्तर येते २६ वॅट. ही तात्त्विक मर्यादा झाली. प्रत्यक्षात १५ ते २२ वॅटच पदरात पडतात. मग ५० हा आकडा येतो कोठून? लहर पार चपटी, चौकोनी होईपर्यंत आवाज वाढवला, तर १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे सुमारे ५२ वॅट हे उत्तर मिळते. अर्थात खोक्यावरचा आकडा खोटा नाही. फक्त तो ऐकण्यालायक न राहिलेल्या आवाजाचा आहे.

या गोंधळाला आवर घालण्यासाठी अमेरिकेतील 'कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन'ने २००३ मध्ये 'सीईए-२००६' हे मानक आणले. १४.४ व्होल्ट दाब, ४ ओहमचा भार आणि एक टक्क्याहून अधिक नसलेली विकृती, या अटींवर मोजलेली शक्तीच त्यानुसार छापता येते. आता ते 'सीटीए-२००६' या नावाने ओळखले जाते. अँप्लिफायर घेताना हा उल्लेख आहे का, हे पाहणे श्रेयस्कर.

वॅट दुप्पट, आवाज किती?

शक्ती दुप्पट केली की आवाज दुप्पट होतो, हा आणखी एक रूढ समज. ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि शक्ती दुप्पट केल्यावर ती अवघी ३ डेसिबलने वाढते. हा फरक कानाला जाणवतो, पण माफकच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ हवी आणि तिच्यासाठी शक्ती दहापट लागते. म्हणजे ५० वॅटच्या दुप्पट मोठे ऐकायचे तर १०० नव्हे, ५०० वॅट मोजावे लागतात.

म्हणूनच स्पीकरच्या माहितीपत्रकातील 'सेन्सिटिव्हिटी' म्हणजे संवेदनशीलतेचा आकडा महत्त्वाचा ठरतो. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे तो सांगतो. ८८ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट दिल्यावर जो आवाज मिळेल, तोच ९१ डेसिबलचा स्पीकर ५० वॅटमध्ये देईल. कंपनीच्या स्टिरिओवरच चालवायचे असेल, वेगळा अँप्लिफायर घ्यायचा नसेल, तर अधिक संवेदनशील स्पीकर निवडणे हाच किफायतशीर मार्ग होय.

ओहमचा हिशेब

घरगुती स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात, तर गाडीतील ४ ओहमचे. हा विद्युत्‌प्रवाहाला होणारा विरोध. तो कमी, तितका अँप्लिफायरमधून ओढला जाणारा प्रवाह अधिक. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले तर एकत्रित भार २ ओहम होतो; एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसर जोडले तर ८ ओहम. दुहेरी कॉइलच्या एकाच सबवूफरलाही हाच नियम लागू पडतो.

अँप्लिफायरच्या दोन वाहिन्या एकत्र करून, म्हणजे 'ब्रिज' करून, सबवूफर चालवण्याची पद्धत सर्रास आहे. तशी जोडणी केल्यावर प्रत्येक वाहिनीला निम्माच भार दिसतो : ४ ओहमचा सबवूफर तिला २ ओहमसारखा भासतो. त्यामुळे बहुतेक अँप्लिफायरांवर 'ब्रिज केल्यास किमान ४ ओहम' अशी सूचना असते. तेथे २ ओहमचा सबवूफर जोडला, की अँप्लिफायर तापून स्वतःच बंद पडतो किंवा कायमचा निकामी होतो.

सबवूफरला झुकते माप

एकूण शक्तीतला मोठा वाटा सबवूफरला द्यावा लागतो, यामागे तीन कारणे आहेत. पहिले कानाचे. मानवी कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो, पण सर्व कंपनसंख्यांना तो सारखाच दाद देत नाही. खालच्या पट्टीतील ध्वनी तितकाच मोठा वाटण्यासाठी त्याची पातळी बरीच वाढवावी लागते. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये ही बाब आलेखांनी दाखवून दिली. दुसरे कारण रस्त्याचे. टायर, इंजिन आणि वारा यांची घरघर प्रामुख्याने खालच्या पट्टीतील असल्याने तेथील संगीत तिच्यात झाकले जाते. तिसरे कारण सबवूफरचे स्वतःचे. त्याचा जड पडदा लहान पेटीतून हलवायला शक्ती अधिक लागते.

गाडीचा एक फायदाही आहे. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरहून अधिक असते; अख्खी गाडी तीत सामावेल. अशा बंदिस्त जागेत खोल स्वरांना आपोआप बळ मिळते. त्यामुळे दिवाणखान्यात जे सबवूफरला जड जाईल, ते गाडीत तो सहज करतो. पुढच्या स्पीकरांची जी एकूण सलग शक्ती, तितकी किंवा तिच्या दुपटीपर्यंत शक्ती सबवूफरला, हा संकेत सर्वसाधारण श्रोत्यासाठी पुरेसा आहे.

सबवूफरइतकीच त्याची पेटी महत्त्वाची. पडदा पुढे सरकताना त्याच्या मागे उलट लहर निर्माण होते; ती पुढच्या लहरीत मिसळली तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. पेटी ही लहर अडवते. पूर्ण बंद पेटीचा आवाज आटोपशीर आणि ठेक्याला धरून असतो. नळी बसवलेली पेटी त्याच शक्तीत अधिक मोठा आवाज देते, पण आकाराने मोठी होते. शिवाय जुळवलेल्या कंपनसंख्येच्या खाली पडद्यावरचा हवेचा लगाम सुटतो आणि तो वाजवीपेक्षा जास्त हलून फाटण्याचा धोका असतो. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात या पेट्यांचे गणित मांडले. आज सबवूफरच्या माहितीपत्रकात छापलेली मूल्ये त्यांच्याच नावाने ओळखली जातात. दहा इंची सबवूफरला बंद पेटी बहुधा १८ ते २८ लिटरची लागते. नेमका आकडा माहितीपत्रकातूनच घ्यावा. 'डिक्कीत मावते' म्हणून घेतलेली तयार पेटी उत्तम सबवूफरचाही विचका करते.

लहान गाडीचे उदाहरण

शहरात वापरल्या जाणाऱ्या एका लहान हॅचबॅक गाडीचा हिशेब मांडून पाहू. पुढच्या दारांत ६० वॅट आरएमएसचे साडेसहा इंची स्पीकर, त्यांना जोडलेले ट्वीटर आणि डिक्कीत २०० वॅट आरएमएसचा, ४ ओहमचा दहा इंची सबवूफर. त्यांच्या जोडीला चार वाहिन्यांचा एकच अँप्लिफायर पुरतो : ४ ओहमवर प्रत्येकी ६० वॅट, २ ओहमवर प्रत्येकी ९० वॅट. पहिल्या दोन वाहिन्या पुढच्या स्पीकरांना. उरलेल्या दोन ब्रिज करून सबवूफरला १८० वॅट. पुढे एकूण १२०, मागे १८०. खरी शक्ती अवघी ३०० वॅट, पण मेळ बरोबर जमलेला.

मागच्या आसनांजवळ आणखी स्पीकर बसवण्याचा मोह येथे टाळता येतो. मैफलीत श्रोता कलावंताकडे तोंड करून बसतो. पाठीमागून येणारे गाणे ते चित्र बिघडवते. तो खर्च दारांच्या पत्र्यावर डॅम्पिंग शीट लावण्यात आणि दाराच्या आतील भोके बुजवण्यात केला, तर साध्या स्पीकरचाही आवाज भरीव होतो. दार हीच त्या स्पीकरची पेटी असते.

कामाची वाटणी

प्रत्येक स्पीकरला त्याच्या आवाक्यातीलच काम द्यावे, ही जबाबदारी 'क्रॉसओव्हर'ची. साडेसहा इंची स्पीकरला साधारण ८० हर्ट्झच्या वरचे आणि सबवूफरला ८० हर्ट्झच्या खालचे स्वर द्यावेत. चार इंची स्पीकर असल्यास ही सीमा १०० ते १२० हर्ट्झपर्यंत वर न्यावी. खोल स्वरांच्या ओझ्यातून सुटलेला लहान स्पीकर मोठ्या आवाजातही स्वच्छ वाजतो. ८० हर्ट्झच्या खालचा ध्वनी कोणत्या दिशेने येतो, हे कानाला सहसा उमगत नाही. म्हणूनच नीट जुळलेल्या व्यवस्थेत डग्ग्याचा घुमार डिक्कीतून येत असूनही तो समोरून आल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्यापासून ८० सेंटिमीटरवर आणि डावा १३० सेंटिमीटरवर असेल, तर उजवीकडचा ध्वनी सुमारे दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि सगळे गाणे उजव्या दाराकडे झुकते. अनेक आधुनिक स्टिरिओंत व ध्वनिसंस्कारकांत जवळच्या स्पीकरला तितकाच विलंब देण्याची सोय असते. टेपने अंतर मोजून ते आकडे भरले, की गायक समोर मध्यावर येतो.

'गेन' म्हणजे आवाजाचे बटण नव्हे

अँप्लिफायरवरील 'गेन'ची कळ ही सर्वाधिक गैरसमजाची जागा. स्टिरिओकडून येणारा संकेत आणि अँप्लिफायरची क्षमता यांची सांगड घालणे, इतकेच तिचे काम. ती शेवटापर्यंत पिळल्याने अँप्लिफायरची शक्ती वाढत नाही. फक्त तो आपल्या मर्यादेवर लवकर जाऊन आदळतो. तेथे लहरीचे माथे कापले जातात. यालाच 'क्लिपिंग' म्हणतात. तितक्याच उंचीच्या स्वच्छ लहरीच्या तुलनेत पूर्ण चौकोनी लहरीत दुप्पट शक्ती असते. त्यामुळे ५० वॅटचा अँप्लिफायर पिळून काढला, तर तो ६० वॅटच्या स्पीकरची कॉइलही जाळू शकतो. कापलेल्या लहरीत वरच्या पट्टीतील कृत्रिम स्वर मिसळतात आणि नाजूक ट्वीटर आधी बळी पडतो. लहान अँप्लिफायर म्हणजे सुरक्षित, हा समज म्हणूनच फोल आहे.

गेन लावण्याची पद्धत साध्या मल्टिमीटरने जमण्यासारखी आहे. स्टिरिओतील बेस, ट्रेबल, लाउडनेस शून्यावर आणावेत. स्पीकरच्या तारा सोडवून ठेवाव्यात. स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत नेऊन चाचणीचा एकच अखंड स्वर वाजवावा : पुढच्या वाहिन्यांसाठी १,००० हर्ट्झ, सबवूफरसाठी ५० हर्ट्झ. मग अँप्लिफायरच्या टोकांवरील एसी व्होल्टेज मोजत गेन सावकाश वाढवावा. अपेक्षित व्होल्टेज म्हणजे वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ६० वॅट व ४ ओहमसाठी ते साडेपंधरा व्होल्ट, १८० वॅटसाठी सुमारे पावणेसत्तावीस व्होल्ट येते. तेथे थांबावे.

अखेरचा निवाडा कानांनी करावा. सबवूफर बंद ठेवून परिचयाचे गाणे पुढच्या स्पीकरांवर ऐकावे, मग सबवूफरची पातळी हळूहळू वाढवत न्यावी. तो वाजतो आहे हे वेगळे जाणवू नये, पण बंद केल्यावर उणीव भासावी, ही योग्य जागा. सबवूफरच्या दोन तारांची अदलाबदल करूनही पाहावे. ज्या जोडणीत चालकाच्या आसनावर खोल स्वर अधिक भरीव ऐकू येतो, ती बरोबर.

वीज येणार कोठून?

वरील ३०० वॅटसाठी बॅटरीकडून किती प्रवाह लागेल? पारंपरिक 'एबी' वर्गाचा अँप्लिफायर घेतलेल्या विजेपैकी सुमारे ५५ टक्के वीज ध्वनीसाठी वापरतो. उरलेली उष्णता होते. म्हणजे पूर्ण शक्तीवर १३.८ व्होल्टला जवळपास ४० अँपिअर. 'डी' वर्गाचा अँप्लिफायर ८० टक्क्यांपर्यंत जात असल्याने तेच काम २७ अँपिअरमध्ये उरकतो. संगीताची सरासरी मागणी याहून पुष्कळ कमी असते, पण तारा कमाल मागणी गृहीत धरूनच निवडाव्या लागतात. पाच मीटर लांबीच्या ८ गेजच्या तांब्याच्या तारेत ४० अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट खर्ची पडतात, ४ गेजच्या तारेत जेमतेम ०.१६. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण त्याच जाडीत ती कमी प्रवाह वाहते.

बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असणे ही ऐच्छिक बाब नाही. पत्र्याच्या कडेवर घासून तारेचे आवरण कापले गेले, तर बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह त्या तारेत लोटते आणि आग लागू शकते. हा फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो; म्हणून त्याचा आकडा तारेच्या क्षमतेपेक्षा कमीच हवा. तार पत्र्यातून नेताना रबरी बूच बसवणेही तितकेच आवश्यक.

ठेक्याबरोबर दिवे मंदावू लागले की दुकानदार 'कपॅसिटर' सुचवतात. एक फॅरडच्या कपॅसिटरचा दाब १३.८ वरून १२.८ व्होल्टवर येईपर्यंत त्यातून सुमारे १३ ज्यूल ऊर्जा मिळते. ५०० वॅटच्या मागणीला ती जेमतेम सेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतकाच वेळ पुरते. अल्टरनेटरच अपुरा पडत असेल, तर शक्ती कमी करणे किंवा मूळ पुरवठा वाढवणे हेच दोन उपाय उरतात. विजेवरील गाड्यांतही ही सामग्री १२ व्होल्टच्या साहाय्यक बॅटरीवरच चालते. तेथील नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या तारांना हात लावू नये. गाडी वॉरंटीत असल्यास मूळ वायरिंग न कापता थेट बसणारे कपलर वापरावेत.

कानांचे मोल

मेळ जमलेली व्यवस्था ऐकताना आणखी एक गोष्ट घडते : विकृती नसल्याने आवाज किती वाढला, हे लक्षात येत नाही. अमेरिकेतील 'नायॉश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सहन करता येतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. बंद काचांच्या गाडीत ही पातळी गाठणे वर सांगितलेल्या ३०० वॅटलाही अवघड नाही. कानाच्या आतील नाजूक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू न येणे हा धोका वेगळाच. काचा खाली असतील तर प्रश्न शेजाऱ्यांचाही होतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे.

दुकानात शिरताना म्हणूनच कागदावर चारच गोष्टी लिहून न्याव्यात : स्पीकरची आरएमएस शक्ती, त्यांचे ओहम, अँप्लिफायरची त्याच ओहमवरील आरएमएस शक्ती आणि सबवूफरच्या पेटीचे लिटर. हे चार आकडे एकमेकांशी जुळत असतील, तर खोक्यावरच्या हजारांकडे पाहण्याची गरज उरत नाही. गर्दीच्या रस्त्यावर रोजचे दोन तास गाडीत काढणाऱ्या शहरवासीयाला तेवढ्या वेळात तानपुऱ्याची जवार आणि डग्ग्याचा घुमार दोन्ही आपापल्या जागी ऐकू आले, तर झालेला खर्च कारणी लागला असे खुशाल समजावे.